हुकूमशाहीतल्या संस्थांना निधी देताय? या चुका टाळा

निधी मागायला गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: नोंदणी क्रमांक काय, संस्थेचं खातं कुठल्या बँकेत? बेलारुसमधल्या कार्यकर्त्याला हाच प्रश्न विचारला की गाडी तिथेच अडते. 'व्यास्ना' या मानवी हक्क संस्थेची नोंदणी २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. नोंदणी नाही, म्हणून खातं नाही. पुढे तर बिननोंदणी संस्थेचं काम करणं हाच गुन्हा ठरला. तेव्हा संस्थेचे प्रमुख आलेस ब्यालियात्स्की यांनी लिथुआनिया आणि पोलंडमध्ये स्वतःच्या नावावर खाती ठेवली.

मिन्स्कने, म्हणजे बेलारुसच्या सरकारने, कायदेशीर सहकार्याच्या करारावर बोट ठेवून त्या खात्यांचे तपशील मागितले आणि दोन्ही देशांनी ते देऊनही टाकले! सरकारचा एक विभाग लोकशाहीला मदत करतोय आणि दुसरा विभाग त्याच मदतीचा हिशेब हुकूमशहाला पोचवतोय. ऑगस्ट २०११ मध्ये ब्यालियात्स्की यांना अटक झाली, नोव्हेंबरमध्ये साडेचार वर्षांची शिक्षा. आरोप काय, तर करचुकवेगिरी. पैसे त्यांच्या नावावर होते ना! पोलंडचे परराष्ट्रमंत्री सिकोर्स्की यांनी जाहीर माफी मागितली, पण ब्यालियात्स्की तोवर कोठडीत होते. २०२२ चं शांततेचं नोबेल जाहीर झालं तेव्हाही ते तुरुंगातच होते, दुसऱ्या खटल्यात.

म्हणून पहिला हप्ता सोडण्याआधी आपल्याच न्याय खात्यात कोण बसलंय आणि मिन्स्कसारख्या ठिकाणाहून आलेला अर्ज कोणाच्या टेबलावर जातो, हे बघा. कंटाळवाणं काम आहे, पण तेच आधी करायचं.

काय द्यायचं हे आपण ठरवणं, ही दुसरी चूक. पोलंडमध्ये डिसेंबर १९८१ ला लष्करी कायदा लागल्यावर भूमिगत झालेल्या 'सॉलिडॅरिटी' या कामगार संघटनेचं ब्रुसेल्समध्ये कार्यालय होतं. परदेशी कामगार संघटनांचा पैसा त्या कार्यालयामार्फत आत जायचा. गरज होती छपाईयंत्रांची आणि शाईची. कार्यशाळांची हौस देणाऱ्यांनाच जास्त असते.

आणि कार्यशाळा म्हटली की हजेरीपट आला: नाव, फोन, सही. लेखापरीक्षकाला तो लागतो, पोलिसांनाही लागतो. डिसेंबर २०११ मध्ये इजिप्तमध्ये संस्थांच्या १७ कार्यालयांवर छापे पडले, कागदपत्रं आणि संगणक उचलले गेले. जून २०१३ मध्ये या संस्थांच्या ४३ जणांना शिक्षा झाली. लेखापरीक्षकाशी आधीच बोलून ठेवा: पटावर किती जण आले तो आकडा येईल, नावं येणार नाहीत.