आठवड्याला एक गाणं, एक उतारा

नवं काही ऐकलं-वाचलं की कुणाला तरी सांगावंसं वाटतं, पण धावपळीत रविवार येईपर्यंत नावच आठवत नाही. म्हणून आवडलं त्याच क्षणी टिपून ठेवा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. तिथे गाण्याचं नाव आणि काय भावलं ते लिहा. ‘दुसऱ्या कडव्यानंतरची बासरी’ एवढं पुरे. पुस्तक असेल तर पानाचा फोटो घ्या, पान क्रमांक दिसेल असा.

पाठवताना मात्र एकच गाणं, एकच उतारा. दहा लिंका एकदम आल्या की मी स्वतः एकही उघडत नाही. रेकॉर्डिंग मोठं असेल तर नेमकी जागा दाखवा: कॉम्प्युटरवर यूट्यूबच्या ‘शेअर’मध्ये सुरुवातीची वेळ निवडून लिंक देता येते. ४० मिनिटांपैकी २७व्या मिनिटाला गायिका एका स्वरावर थांबते, तेवढंच आधी ऐकू द्या. आवडलं तर माणूस मागे जाऊन सगळं ऐकतोच.

सोबत दोन ओळी तुमच्या शब्दांत हव्यातच. माझ्या मते खरी भेट तीच असते. लिहायला वेळ नसेल तर चालता चालता अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज करा. आणि ‘ऐकलंस का?’ असा तगादा लावू नका. काही गाणी महिन्याभरानं ऐकली जातात.