तीन यार्डांवरून पास आखताना माझं काय चुकलं

ओहायोत एमएस करताना मी एका हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे बिनपगारी सहायक कोच म्हणून जायचो. दुसऱ्या सीझनला गोल लाइनजवळचे, म्हणजे गुण मिळवून देणाऱ्या रेषेजवळचे पास आखायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या पहिल्याच प्लेवर (आखलेल्या चालीवर) तीन यार्डांवरून इंटरसेप्शन झालं, म्हणजे पास बचावाने पकडला. पास टाकणारा पोरगा सतरा वर्षांचा. तो रडला, आणि चूक माझी होती.

एंड झोन, म्हणजे गोल लाइनमागची पट्टी, १० यार्ड खोल, हे पाठ असतं. तरी कागदावर हात मधल्या मैदानातल्यासारखाच चालतो. पुढे उरतात जेमतेम १३ यार्ड. सेफ्टीला, म्हणजे सगळ्यात मागच्या बचावपटूला, पाठीमागची धास्ती नसते, म्हणून तो पुढेच येऊन बसतो. रुंदी मात्र तेवढीच, ५३ यार्डांहून थोडी जास्त. बचाव आडवा ताणा.

आता माझी चूक. दोन रिसीव्हर (पास झेलणारे) एकामागे एक उभे केले. त्यांच्यासमोर दोन कॉर्नर, म्हणजे रिसीव्हरना राखणारे बचावपटू. पुढच्याने दुसऱ्या कॉर्नरच्या वाटेत यायचं, मागच्याने त्याच्या आडून आत स्लँट घ्यायचा, म्हणजे तिरकं धावायचं. कागदावर मागचा अगदी मोकळा. पण पुढचा पोरगा स्नॅपनंतर (चेंडू खेळात आल्यावर) दोन पावलं तरी सरकेल, हे मी धरूनच चाललो होतो. गोल लाइनवर कॉर्नर अगदी तोंडाशी उभा असतो. त्याने छातीवर हात रोवून पोराला जागीच थोपवलं. दुसऱ्या कॉर्नरला आडकाठीच उरली नाही, तो सरळ चेंडूवर आला.

फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, नेमकं हेच झालं. सिअ‍ॅटल एका यार्डावर, २६ सेकंद शिल्लक. न्यू इंग्लंडच्या ब्रँडन ब्राउनरने पुढचा रिसीव्हर जर्मेन कीर्सला चेंडूच्या रेषेवरच अडवलं आणि त्याचा साथीदार माल्कम बटलरने सिॲटलच्या रसेल विल्सनचा पास हिसकावला. ‘बॉल घेऊन पळाले का नाहीत’ यावर लोक अजून भांडतात. तुम्ही ब्राउनरचे हात बघा. मी तो व्हिडिओ कितीदा तरी पाहिला होता, पण नजर बटलरवरच.

यावर उतारा मोशनचा, म्हणजे स्नॅपआधीच रिसीव्हरला पळवण्याचा. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटीने चौथ्या क्वार्टरमध्ये ५ आणि ४ यार्डांवरून असे दोन टचडाउन केले, म्हणजे चेंडू एंड झोनमध्ये नेला. रिसीव्हर आत धावत निघतो, बचाव त्याला दुसऱ्याच्या हवाली करू लागतो, तेवढ्यात तो उलटा बाहेर वळतो. पळत्या माणसाला रेषेवर थोपवणं अवघड.

वाटेत येणं आणि धडकणं यांत फरक आहे. एनएफएलमध्ये चेंडूच्या रेषेपासून १ यार्डाच्या आतला संपर्क चालतो म्हणून पोरांना तेच शिकवू नका; आपल्या स्तराचं नियमपुस्तक आधी वाचा.

शंभर प्लेंची तयार पीडीएफ विकत घेऊ नका. तीन प्ले पुरतात. आणि गुरू करायचा तर बचावाचा कोच करा. आमच्या कोचना मी तो कागद सामन्यानंतर दाखवला. त्यांनी बघताक्षणी पुढच्या रिसीव्हरवर बोट ठेवलं.

क्रिकेट बघत वाढलेल्याला हे जमणार नाही, असं मलाही ऐकवलं गेलं. जमतं, खरंच जमतं. फक्त नवा प्ले सरावात आणाल तेव्हा पुढच्या रिसीव्हरसमोर संघातला सगळ्यात दांडगा कॉर्नर उभा करा आणि त्याला सांगा, याला हलू देऊ नकोस.