ऑफिसात ईमेलची मर्यादा ठरवताना

ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये असो की नवी मुंबईतल्या महापेला, ईमेलचा नियम काढण्याआधी प्रत्येक विभागाला विचारा, तुमचं किती काम ईमेलवर चालतं? खरेदीवाल्यांचा पुरवठादारांशी दिवसभर पत्रव्यवहार चालतो, डिझाइनवाल्यांचा नाही. सगळ्यांना एकच आकडा लावणं अन्यायाचं. म्हणून संख्या मोजू नका, वेळ ठरवा.

संध्याकाळी ७ नंतर आलेल्या ईमेलला दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं तरी चालेल, हे लेखी द्या. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने घरी निघालेल्या माणसाला गर्दीत उभ्या उभ्या उत्तर टाइप करायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. खरंच तातडीचं असेल तर फोन करावा. साहेबांना रात्री काही सुचलंच, तर जीमेलमध्ये पाठवायची वेळ आधी ठरवून ठेवता येते, सकाळची टाका.

जीमेलवरून २५ एमबीपर्यंतच फाइल जोडता येतात, त्याहून मोठी ड्राइव्हच्या लिंकने पाठवा.

जेवणाच्या सुट्टीत खासगी ईमेल पाहायची मोकळीक ठेवा. मुलांच्या शाळेचा निरोप वाचणं म्हणजे कामचुकारपणा नव्हे. आणि कंपनी ऑफिसचे ईमेल तपासणार असेल, तर ते माणूस रुजू होतानाच स्पष्ट सांगा.