नवस फळला नाही तेव्हा

मूल व्हावे, दुखणे बरे व्हावे, नोकरी लागावी किंवा जमिनीचा दावा सुटावा म्हणून देवापुढे बोललेला नवस वर्षानुवर्षे तसाच राहतो, तेव्हा भाविक माणसाला बहुधा दोनच वाटा दिसतात. आपल्या भक्तीत काही उणे राहिले असे मानून तो स्वतःला दोष देत राहतो, नाहीतर ऐकणारा कोणी नाहीच असे ठरवून देवघराकडे पाठ फिरवतो. वारकरी परंपरेत तिसरी वाट आहे आणि ती प्रत्यक्ष कशी चालावी, हे येथे मांडले आहे. देवाकडे केलेले मागणे आणि देवाशी ठेवलेला नेम या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवून घ्यायच्या, म्हणजे मागणे फळले नाही तरी नेम मोडत नाही, आणि नेम टिकला की विश्वासाला उभे राहायला जागा राहते.

सुरुवात नवसापासूनच करावी, कारण मनावरचे निम्मे ओझे तेथे असते. नवस ही अटीची गोष्ट आहे. ‘अमुक झाले तर तमुक वाहीन’ असे आपण बोललो असतो आणि अमुक झालेच नसेल, तर फेडायचे काही उरत नाही. तरीही देव कोपेल या भीतीने माणसे नवस वाढवत नेतात. आधी नारळाचे तोरण, मग साडीचोळी, मग चांदीचा पाळणा, मग अनवाणी चालत येण्याचा शब्द. हे थांबवावे. नवस वाढवल्याने देव अधिक ऐकतो असे मानणे म्हणजे त्याला लोभी ठरवणे होय, आणि लोभी माणसावरही आपण फारसा विश्वास टाकत नाही, मग देवाचे काय सांगावे? नवसाने मुले होत असती तर नवऱ्याची गरज काय, असा रोकडा सवाल तुकोबांनी सतराव्या शतकातच करून ठेवला आहे. ज्यांना फार दिवस लटकलेला नवस रीतसर मिटवायचा असेल त्यांनी, शक्य असल्यास जेथे तो बोलला त्याच देवळात, नाहीतर घरच्या देवापुढे नारळ ठेवून उघड्या आवाजात सांगावे: ‘मी हे मागितले होते, ते झाले नाही, म्हणून हा नवस मी आज संपवतो, माझे तुझ्याकडे येणे संपत नाही.’ घराण्याची काही रीत असेल तर वडीलधाऱ्यांना किंवा गुरवाला आधी विचारून घ्यावे. मात्र त्या विचारण्यातून नवा, मोठा नवस गळ्यात पडणार नाही याची काळजी घ्यावी.

यानंतरचे काम तक्रारीचे. पुष्कळ भाविकांना वाटते की रागावणे म्हणजे अश्रद्धा. म्हणून ते राग गिळतात, आणि गिळलेला राग हळूहळू देवाचे नाव घेणेच नकोसे करून टाकतो. आपल्या संतांनी असे काही केलेले नाही. जनाबाईने विठ्ठलाला ‘अरे विठ्या’ म्हणून अक्षरशः शिव्या घातल्या आहेत, आणि तुकोबांनी एका अभंगात माझ्या लेखी देव मेला, आता त्याचे नावही घेत नाही, असे म्हटले आहे. हे शब्द परंपरेने दडवले नाहीत, गाथेत जपून ठेवले. ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ एवढाच तुकोबा ज्यांना पाठ असतो, त्यांनी हा दुसरा तुकोबाही वाचावा. समाधानाचा अभंग ज्याने लिहिला, त्यानेच भांडणही पुरेपूर केले होते. कोकणात देवळात गाऱ्हाणे घालतात, तेव्हा गावाचे दुखणे नावानिशी, मोठ्याने, चारचौघांच्या देखत देवापुढे मांडले जाते आणि जमलेले लोक ‘व्हय महाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. घरीही याच धर्तीवर करता येते. दार लावून बसावे, काय मागितले, केव्हापासून मागितले, कोणत्या गोष्टीचा सर्वांत जास्त राग आला, हे एकेक करून बोलावे, आणि ‘पण तुझी इच्छा’ अशी गोड शेपटी त्याला घाईने जोडू नये. बोलवत नसेल तर वहीत लिहावे. ज्याच्याशी आपण भांडतो तो ऐकत आहे हे गृहीत धरूनच भांडतो, म्हणून अशी तक्रार विश्वासाच्या बाहेरची मानण्याचे कारण नाही.

आता नेमाविषयी, आणि येथे थोडे थांबून तुकोबांचीच हकिकत पाहणे इष्ट, कारण त्यांनी स्वतः एका आत्मपर अभंगात ती क्रमाने सांगितली आहे. देहूच्या या घरात पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची पूजा होती आणि पंढरीची वारी होती. म्हणजे देवाने सांभाळावे अशी अपेक्षा करण्याचा हक्क कोणाला असेल तर तो या घराला होता. तरी १६३०च्या सुमारास दख्खनवर पडलेल्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, पत गेली, आणि एक पत्नी अन्न अन्न करत मेली. या सगळ्यानंतर आपण काय केले, हे सांगताना तुकोबा कोणताही साक्षात्कार पहिल्यांदा सांगत नाहीत. देवाचे देऊळ भंगले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले, असे ते सांगतात. मग एकादशीला कीर्तन करू लागलो, पण आरंभी चित्त त्यात नव्हते, असेही प्रांजळपणे सांगतात. मग संतांची काही वचने विश्वासाने पाठ केली. पुढे गाणारे जे होते, त्यांच्या मागे राहून धृपद, म्हणजे अभंगातली पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, धरले. आणि शरीर कष्टवून जमेल तसा उपकार केला.

विस्कटलेल्या माणसाने नेम कसा उभा करावा, याची याहून चांगली कृती मला ठाऊक नाही, म्हणून तिच्यातल्या गोष्टी आपल्या घरी कशा आणाव्यात ते पाहू.

पहिले काम हाताचे असावे, डोक्याचे नव्हे. ज्या दिवसांत प्रार्थनेला बसले की फक्त ‘का’ एवढाच प्रश्न डोक्यात घुमतो, त्या दिवसांत देवघरातली भांडी घासावीत, देवळाचे आवार झाडावे, जुन्या पोथीला नवे कव्हर घालावे, गावातल्या पारावरच्या मोडक्या ओट्याला चार विटा लावाव्यात. देवासाठी काही करतो आहोत, पण त्याच्याशी बोलण्याची सक्ती नाही, ही मोकळीक दुखावलेल्या मनाला फार लागते.

दुसरे म्हणजे नेम अगदी लहान ठरवावा आणि तो मन लागेल या अटीवर ठेवू नये. हरिपाठ सगळा म्हणवत नसेल तर त्यातला एकच अभंग म्हणावा. तोही जमत नसेल तर संध्याकाळी दिवा लावून नाव घ्यावे आणि उठावे. रुग्णालयाच्या बाकावर बसून किंवा लोकलच्या गर्दीत उभ्या उभ्या करता येईल एवढाच नेम खरा टिकतो. तासाभराच्या पारायणाचा संकल्प दुःखात असलेल्या माणसाने करू नये, कारण तो मोडला की अपराधाची नवी भर पडते. चित्त नसतानाही तुकोबांनी एकादशी सोडली नाही, एवढे ध्यानात ठेवले तर कोरडेपणाची भीती कमी होईल.

या नेमात मागणे घालायचे नाही. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच गोष्ट पाळायला सर्वांत अवघड आहे, आणि हीच सर्वांत उपयोगाची आहे. रोजचा दिवा हा मागण्याचा अर्ज होऊन बसला, की रोज संध्याकाळी ‘अजून नाही’ हा निकाल आपण स्वतःच वाचून घेतो. म्हणून मागण्यासाठी वेगळी वेळ ठरवावी. महिन्यात दोन एकादशी येतात, त्या दिवशी जे मागायचे ते मनसोक्त मागावे. बाकीच्या दिवशी मागणे ओठांवर आले तर ‘एकादशीला बोलू’ असे म्हणून पुढे जावे. पंढरपूरच्या विठ्ठलाची मूर्ती पाहिली तर तिचे दोन्ही हात कमरेवर आहेत. वर देण्यासाठी उचललेला हात तेथे नाही. वारीत मागणारे नसतात असे नाही, पण आळंदीहून किंवा देहूहून जवळपास तीन आठवडे चालत पंढरीला पोहोचायचे आणि दर्शनाच्या रांगेची लांबी पाहून नामदेव पायरीवर डोके टेकून, कळसाला हात जोडून परत फिरायचे, हे हजारो वारकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. २०२०मध्ये साथीमुळे पायी वारीच होऊ शकली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास नेल्या गेल्या, आणि वारकऱ्यांनी आपापल्या घरी नेम चालवला. मिळण्या-न-मिळण्यावर वारी अवलंबून ठेवली असती, तर ती केव्हाच थांबली असती.

धृपद धरण्याची गोष्टही शब्दशः घ्यावी. ज्याला स्वतःची प्रार्थना सुचत नाही, त्याने भजनी मंडळात मागच्या रांगेत बसावे आणि इतर जे म्हणतील त्याच्या मागे म्हणावे. गावापासून दूर असणाऱ्यांनी आठवड्यातून एकदा नात्यातल्या एखाद्या मावशीला किंवा काकांना फोन लावून त्यांच्यासोबत एक अभंग म्हणावा. आपल्याला सध्या विश्वास नाही, पण ज्यांना आहे त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळता येतो, आणि काही काळ तेवढे पुरते. यात ढोंग नाही. मागे राहून म्हणणाऱ्याची जागा कीर्तनात मुळातच ठेवलेली असते.

यापुढचा मुद्दा विश्वासाच्या नावाखाली बऱ्याचदा दडपला जातो, म्हणून तो स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. न फळलेल्या प्रत्येक मागण्याला ‘देवाची इच्छा’ म्हणू नये. मंगळवेढ्याच्या चोखोबांनी जन्मभर विठ्ठलाची आळवणी केली, पण अस्पृश्य म्हणून त्यांना देवळात पाऊल टाकता आले नाही. अंगावर भिंत कोसळून त्यांचा अंत झाला आणि त्यांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीजवळ आहे. त्यांच्या समाजाला ते दार उघडले ते १९४७मध्ये, साने गुरुजींनी पंढरपुरात केलेल्या उपोषणानंतर. मधल्या सहाशे वर्षांत देव अडवत नव्हता, माणसे अडवत होती. म्हणून आपले मागणे कागदावर लिहून त्याच्यापुढे एक प्रश्न लिहावा: हे कोणाच्या हातात आहे? सासरी मारहाण होत असेल, मजुरी थकवली असेल, भावाने सातबाऱ्यावरून नाव काढून टाकले असेल, तर तेथे सोसत राहणे म्हणजे श्रद्धा नव्हे. पोलीस, वकील, तलाठी, जे दार लागू असेल ते ठोठावावे आणि त्यासाठी लागणारे बळ देवाकडे मागावे. मूल होत नाही म्हणून एकट्या सुनेला उपास आणि प्रदक्षिणा लावणाऱ्या घरांनी आधी नवरा-बायको दोघांचीही वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. आजारात औषध थांबवून केवळ अंगाऱ्यावर राहू नये. आणि ‘तुमच्या नवसात बाधा आहे, ती मी काढतो’ असे सांगून पैसे मागणारा कोणी भेटला, तर महाराष्ट्रात २०१३पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे हे त्याला सांगावे आणि उठून यावे.

ज्यांच्या शेजारी, नात्यात कोणाचे मागणे असे अपुरे राहिले आहे, त्यांच्यासाठी थोडेसे. मूल गेलेल्या आईला त्याच आठवड्यात ‘देवाला आवडला’ म्हणू नये. समाधानाचे अभंग स्वतःला सांगण्यासाठी असतात. दुसऱ्याच्या जखमेवर ते लावले की झोंबतात. डबा पोचवावा, कागदपत्रांसाठी सोबत जावे, तिच्या घरी दिवा लावायचा राहिला असेल तर विचारून लावावा. झोप, जेवण आणि कामधाम आठवडेच्या आठवडे सुटले असेल किंवा जगणे नको अशी भाषा येऊ लागली असेल, तर तो भक्तीचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरकडे न्यावे, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करावा, तेथे मराठीतही बोलता येते.

शेवटी पुन्हा मागण्याविषयी. नवस संपवला म्हणून मागणे बंद झाले असे नाही. फक्त त्याची मांडणी बदलावी. अट काढून टाकावी, वाहण्याचे आमिष काढून टाकावे, आणि जे हवे ते थेट सांगावे: ‘मला ही नोकरी हवी आहे.’ त्यानंतर एक दुसरे, जवळचे मागणे जोडावे, ज्याचा निकाल या आठवड्यातच कळेल: उद्याच्या मुलाखतीत जीभ अडखळू नये, सोमवारच्या तपासणीला जायचे धैर्य व्हावे, दोन दिवस घरात भांडण होऊ नये. दूरच्या मागण्याकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला या लहान गोष्टी मिळाल्याचे कळतही नाही, म्हणून त्या तारखेसह वहीत लिहाव्यात. मोठे मागणे त्याच वहीच्या पहिल्या पानावर राहू द्यावे, दर एकादशीला ते पान उघडावे, आणि काही महिन्यांनी त्यातले शब्द बदलावेसे वाटले तर खुशाल बदलावेत.