आपला पिनकोड मूळ संख्या आहे का, हे हाताने कसे तपासावे

मूळ संख्या ओळखण्याच्या सरावासाठी पिनकोड फार सोयीचा असतो, कारण तो पाठ असतो आणि वही-पेन्सिल घेऊन तपासता येईल इतपतच मोठा असतो. येथे नाशिकचे तीन पिनकोड घेऊ : मुख्य टपाल कार्यालयाचा ४२२००१, पंचवटीचा ४२२००३ आणि नाशिकरोडचा ४२२१०१.

प्रथम शाळेत शिकलेल्या विभाज्यतेच्या कसोट्या लावाव्यात. ४२२००१ मधील अंकांची बेरीज ९ येते, म्हणजे तिला ९ ने भाग जातो आणि तिचा निकाल वही न उघडताच लागतो. उरलेल्या दोन्ही संख्या २, ३, ५ आणि ११ यांच्या कसोट्यांतून सुटतात.

पुढे वर्गमुळाचा अंदाज घ्यावा. ६५० चा वर्ग ४२२५०० आहे आणि आपल्या दोन्ही संख्या त्याहून लहान आहेत. संख्या दोन अवयवांचा गुणाकार असेल, तर त्यांतील लहान अवयव वर्गमुळापलीकडे जाऊ शकत नाही. म्हणून ६५० च्या आतील ११८ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते.

पंचवटीसाठी एवढे कष्ट पडत नाहीत. ३१ ने भागू लागल्यावर बाकी क्रमाने ११, १९, ४, ९ अशी येत जाते आणि शेवटचा ३ खाली घेताच ९३ होऊन भाग पूर्ण जातो : ४२२००३ = ३१ × १३६१३.

नाशिकरोडला मात्र यादी शेवटपर्यंत चालवावी लागते. ७ ने भागल्यास बाकी १, ६७ ने भागल्यासही १, आणि अखेरच्या ६४७ ने भागल्यास २५७. मधल्या एकाही संख्येने भाग जात नाही, म्हणून ४२२१०१ ही मूळ संख्या ठरते. कॅल्क्युलेटर वापरण्यास हरकत नाही, परंतु प्रत्येक बाकी लिहून ठेवावी, कारण नुसते ‘भाग जात नाही’ असे लिहिलेल्या ओळीतली चूक नंतर सापडत नाही.

मूळ संख्या हाती आल्यावर तिला ४ ने भागून पाहावे. बाकी १ उरली, तर ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तीही एकाच प्रकारे. हे फर्माने १६४० मध्ये मर्सेनला पत्राने कळवले आणि त्याची सिद्धता पुढे ऑयलरने दिली. ४२२१०१ ला ४ ने भागल्यास बाकी १ च उरते. असे वर्ग शोधताना वर्गमुळाच्या लगतच्या पूर्णांकापासून खाली उतरत जावे आणि उरलेली वजाबाकी पूर्ण वर्ग आहे का ते पाहावे. येथे एरवी बरीच पाने भरतात, पण नाशिकरोडने पहिल्याच फटक्यात उत्तर दिले : ६४९ चा वर्ग ४२१२०१, वजा केल्यावर उरले ९००, आणि ९०० हा ३० चा वर्ग. पंचवटीच्या संख्येला ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, तर कोणत्याही वर्गाला ४ ने भागल्यास बाकी ० किंवा १ च उरते. त्यामुळे तेथे असे वर्ग शोधत बसू नये.