'अ' की 'ॲन'? मुलांना शिकवताना या चुका टाळा

इंग्रजी शब्दाच्या सुरुवातीला ए-ई-आय-ओ-यू आले की त्याआधी 'ॲन', नाहीतर 'अ'. नाशिकच्या शिकवण्यांमध्ये पहिली-दुसरीची पोरं हे घडाघडा म्हणून दाखवतात. आणि घोटाळा इथेच सुरू होतो, कारण नियम अक्षराचा नाही, आवाजाचा आहे. युनिफॉर्मचं स्पेलिंग यू-ने सुरू होतं, तरी 'अ युनिफॉर्म'. तासाला जो अवर म्हणतात त्याचं एच-ने, तरी 'ॲन अवर'.

अपवादांची यादी पाठ करून घेऊ नका. मराठी मुलाला देवनागरी येते, तीच वापरा. शब्द ऐकवा आणि मराठीत लिहायला सांगा. सुरुवातीला अ, इ, ऑ असा स्वर आला तर 'ॲन'. क, य, व असं व्यंजन आलं तर 'अ'. अंब्रेलाला 'ॲन', युनिव्हर्सिटीला 'अ'. वन-रुपी कॉइन 'व'ने सुरू होतं, म्हणून 'अ'. एक्स-रे आणि एमएलए 'ए'ने, म्हणून 'ॲन'. शेवटचे दोन मोठ्यांनाही चकवतात.

यात एक मेख आहे. घरात 'येक', 'येवढं' बोललं जात असेल तर एगचं 'येग' होतं. मग मूल 'अ येग' म्हणतं, आणि त्याच्या कानाच्या हिशोबाने ते बरोबरच असतं. अशा वेळी 'अ' खोडू नका, उच्चार सुधारा. उलट बाजूने वर्षाचा शब्द फसवतो. 'हॅपी न्यू इयर' लिहून-बोलून आपण त्यातला 'य' पार गिळून टाकलाय. मुलाला स्वतःचा कान धरायला लावा: 'ॲन इअर'. मग कॅलेंडरवर बोट ठेवा: 'अ यिअर', 'य' चांगला दाबून. दोन्ही पाठोपाठ म्हणून घ्या. फरक कानाला कळेपर्यंत वहीला हात लावू नका.

दुसरी मोठी चूक म्हणजे 'अ' की 'ॲन' हा प्रश्न आधी घेणं. मुळात काही लावायचंय का, हे आधी कळायला हवं. 'माझे बाबा शेतकरी आहेत' या वाक्यात आपल्याला काहीच लागत नाही, म्हणून मूल 'माय फादर इज फार्मर' म्हणतं. एकदा शिकवलं की तेच मूल 'अ वॉटर', 'अ ग्रेप्स' असं सगळीकडे लावत सुटतं. द्राक्षांच्या गावात यावर उपाय स्वस्त आहे. ताटलीत एकच मणी ठेवा: 'अ ग्रेप'. मूठभर टाका: नुसतं 'ग्रेप्स'. घड ठेवला की 'अ बंच ऑफ ग्रेप्स'. कांद्याचंही तसंच. अख्खा कांदा 'ॲन अनियन', मिसळीवर भुरभुरला की 'सम अनियन'. आणि लाल कांदा घेतला तर 'अ रेड अनियन', कारण लगेच पुढे येणारा आवाज आता 'र'चा आहे.

फळ्यावरचं वाचताना 'ए बॉय' असं ठासून म्हणायची सवयही सोडा. एरवी बोलताना तो हलका 'अ' असतो.

राहिली गाळलेल्या जागा भरण्याची वर्कशीट. ती शेवटी द्या. मूल 'आय वॉन्ट ॲपल' म्हणालं तर मधेच तोडू नका. 'यू वॉन्ट ॲन ॲपल? हिअर इज ॲन ॲपल' म्हणा आणि सफरचंद हातात द्या.