.२२ टार्गेट पिस्तूल: ब्रँड नंतर, मूठ आधी

कोल्हापुरात नेमबाजीचं महत्त्व कुणाला पटवून द्यावं लागत नाही. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवलं, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमधून ऑलिम्पिकचं ब्राँझ आणलं. त्यामुळे एअर पिस्तुलावर हात बसला की पोरं आणि त्यांचे पालक विचारायला येतात, "आता पॉइंट टू-टू कुठलं घेऊ?" त्यावर जो तो नावं सांगतो. वॉल्थर घे, पार्डिनी घे, हॅमर्ली मिळालं तर सोडू नको. ही सगळी पिस्तुलं तुमच्या-माझ्यापेक्षा अचूक आहेत. गोळी कुठे जाणार हे ठरतं ते तुमचा हात आणि त्या पिस्तुलाची मूठ यांच्यात, आणि त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

परवाना

४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, .२२ ला लागतो. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हादंडाधिकारी म्हणून त्यांच्याकडे जातो. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला जोडावा लागतो. वय २१ पूर्ण हवं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. 'नामांकित नेमबाज' (रिनाउन्ड शॉट) असा दर्जा मिळालेल्यांसाठी वेगळ्या सवलती आहेत.

अर्जात कारण "नेमबाजी खेळ" असंच लिहा. कुणी सांगतं, स्वसंरक्षण लिही म्हणजे लवकर होतं. असले सल्ले ऐकू नका. तुमची काडतुसांची वार्षिक मर्यादा, सवलती, पुढची नूतनीकरणं, सगळं त्या एका ओळीवर उभं असतं. आणि पहिल्याच अर्जात परवान्याची व्याप्ती संपूर्ण भारत मागा. पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर जाण्यापुरता महाराष्ट्र पुरतो, पण राष्ट्रीय स्पर्धा दिल्लीला किंवा भोपाळला लागली की ऐन वेळी धावपळ होते.

निवड

पहिला नियम: स्वसंरक्षणासाठी बनवलेलं आखूड नळीचं .२२ रिव्हॉल्व्हर "सरावापुरतं" म्हणून घेऊ नका. तुम्हाला स्पर्धेचं, पाच गोळ्यांचं, बारीक सरकवता येणाऱ्या रिअर साइटचं पिस्तूल हवं (रिअर साइट म्हणजे नेम धरायची मागची खाच, फ्रंट साइट म्हणजे नळीच्या टोकाकडची खूण). आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाची नळी जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, दोन साइटमधलं अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर, वजन १४०० ग्रॅमपर्यंत आणि ट्रिगर दाबायला किमान १००० ग्रॅमचा जोर लागेल असा हवा. ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत ते बसलं पाहिजे.

आपल्याकडे यातली बहुतेक पिस्तुलं एखाद्या नामांकित नेमबाजानं आयात केलेली आणि नंतर विकलेली असतात. म्हणजे जुनं घ्यायची तयारी ठेवा. मला त्यात काही वावगं वाटत नाही, चांगलं ठेवलेलं वॉल्थर जीएसपी माणसाच्या अख्ख्या कारकिर्दीला पुरतं. बघताना बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे घ्या आणि चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाची कड टॉर्चनं बघा. .२२ चं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो, त्यामुळे फायरिंग पिन मधोमध न मारता कडेला मारते. आधीच्या मालकानं बेफिकिरीनं ड्राय फायर केलं असेल, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबला असेल, तर पिननं चेंबरच्या कडेवर खाच पाडलेली दिसेल. तशी खाच असेल तर काडतूस अडकतं, रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नाही. मॅगझिन किती मिळतात ते विचारा, त्यांचे ओठ, म्हणजे काडतूस धरणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले नाहीत ना ते पाहा. एकाच मॅगझिनवरचं पिस्तूल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. शस्त्रावरचा क्रमांक विकणाऱ्याच्या परवान्याशी अक्षर न अक्षर ताडून पाहा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर फार गोड असतो. तरी कोल्हापुरात राहून पहिलं पिस्तूल घेणाऱ्याला मी मेकॅनिकलच सांगेन. बिघडलं तर इथे उघडून बघणारा सापडतो.

आणि शेवटी मूठ. तुमच्या हाताच्या मापाची लाकडी मूठ त्यावर आहे का, नसेल तर त्या मॉडेलची मिळते का, हे पैसे देण्याआधी विचारा. मोठ्या हाताची मूठ तासून बारीक करता येते. लहान मूठ भरून मोठी करणं जास्त कटकटीचं. दोन मापांत अडलात तर मोठं घ्या.

मूठ हाताला बसवणं

या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त छळलं. दुधाळीच्या रेंजवर चांगले चांगले नेमबाज वर्षानुवर्षं कंपनीची मूठ तशीच वापरताना दिसतात, आणि मग रॅपिडच्या फेरीत गुण कमी का पडतात म्हणून ट्रिगरचे स्क्रू फिरवत बसतात. कारण साधं आहे. २५ मीटरच्या स्पर्धेचे दोन भाग असतात, प्रिसिजन आणि रॅपिड. प्रिसिजनमध्ये पाच गोळ्यांना पाच मिनिटं असतात. मूठ चुकीची असली तरी मनगट किंचित वळवून तुम्ही साइट जुळवता, आणि दोष झाकला जातो. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली, टार्गेट तीन सेकंद समोर, पुन्हा सात सेकंद बंद. त्या तीन सेकंदांत साइट जुळवायला वेळच नसतो, हात वर येतानाच त्या जुळून यायला हव्यात.

त्याचा हिशेब करून बघा. साइटमधलं अंतर २२० मिलिमीटर आणि टार्गेट २५ मीटरवर. फ्रंट साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. प्रिसिजनच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे दहाच्या जागी सहा. हात थरथरून नेम थोडा हलला तर एवढं नुकसान होत नाही. साइट वाकड्या झाल्या की होतं.

तपासणी अशी. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, नळी सुरक्षित दिशेला. नेहमीच्या पवित्र्यात उभे राहा, डोळे मिटा, हात वर घ्या, मनगट घट्ट ठेवा, आणि डोळे उघडा. काहीही न सुधारता बघा फ्रंट साइट कुठे आहे. हे एकदा करून उपयोग नाही. थोडं थांबून पुन:पुन्हा करा, दुसऱ्या दिवशी करा, आणि दर वेळी वहीत लिहा: डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. कल एकाच बाजूला दिसला तरच लाकडाला हात लावा. साइट दर वेळी वेगळीकडे दिसत असेल तर मूठ धरण्याची तुमची पद्धतच अजून पक्की नाही. ती आधी पक्की करा.

पुढचं उजव्या हाताच्या नेमबाजासाठी लिहितो, डावऱ्यांनी उलट वाचावं. फ्रंट साइट डावीकडे दिसते, म्हणजे नळी डावीकडे बघते आहे. मुठीची मागची बाजू डावीकडे सरकली की नळी उजवीकडे वळेल. म्हणून अंगठ्याच्या गादीखालचं, मागच्या डाव्या बाजूचं लाकूड किंचित काढा, नाहीतर मागच्या उजव्या बाजूला, करंगळीकडच्या तळव्याखाली, पातळ भर घाला. साइट वर दिसत असेल तर आधी मुठीच्या कोनाचे स्क्रू बघा. बऱ्याच पिस्तुलांना ते असतात आणि लोक त्यांना हातही लावत नाहीत. स्क्रू नसतील तर मुठीच्या मागच्या बाजूचं खालचं लाकूड कमी करा, नळी खाली येते. साइट खाली दिसत असेल तर तिथेच भर घाला.

मूठ पिस्तुलावरून काढल्याशिवाय कानस लावू नका. लाकडाचा भुसा ट्रिगरच्या यंत्रणेत गेला तर नको ती डोकेदुखी. अर्धगोल कानस आणि १२० नंबरचा पॉलिश पेपर पुरतो. कुठलं लाकूड टोचतंय ते कळायला तळहाताला रंगीत खडू चोळा, मूठ रोजच्यासारखी धरा आणि सोडा. गडद डाग पडतो तिथे दाब जास्त, डाग नाही तिथे हात टेकतच नाही. तर्जनीच्या मुळाजवळ डाग दिसला तर तिथलं लाकूड आधी काढा. ट्रिगर दाबणारं बोट लाकडाला कुठेही घासता कामा नये. बोट लाकडाला लागलं की ट्रिगरबरोबर ते अख्खं पिस्तूल ढकलतं.

भर घालायला एम-सीलसारखी दोन भागांची पुट्टी चालते. आपल्या बोटांना तेल लावून पातळ थर बसवा, वाळू द्या, मग तासा. आता एक सल्ला जो तुम्हाला कुणीतरी नक्की देईल: मुठीला सगळीकडून पुट्टी थापा आणि हात दाबून ठसा घ्या, म्हणजे हुबेहूब मापाची मूठ. हे मुळीच करू नका. तो ठसा त्या दिवशीच्या, तेवढ्याच दाबाच्या हाताचा असतो. एप्रिलच्या दुपारी हात सुजतो, डिसेंबरच्या सकाळी आकसतो, आणि बोटांच्या खोल खाचा तुम्हाला दर वेळी चुकीच्या जागी नेऊन बसवतात. थोड्या जागांवर पक्का आधार हवा, बाकी मोकळं.

पाम शेल्फ, म्हणजे तळव्याखालची सरकती पट्टी, याबद्दल माझं मत ठाम आहे. निम्मे लोक ती फार घट्ट ठेवतात. हात चेपला की बोटांत कंप येतो आणि दहा-पंधरा गोळ्यांनंतर तर्जनी बधिर होते. पट्टी तळव्याला नुसती टेकली पाहिजे, मध्ये जाड कागद सरकेल इतकी जागा हवी. पायतान जरा घट्ट घेतलं तरी चालतं, चामडं पायाबरोबर सैल होतं. लाकूड होत नाही. नियमही लक्षात ठेवा: पट्टी मुठीशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वर वळलेली चालत नाही आणि मुठीचा कुठलाही भाग मनगटाला आधार देता कामा नये. तासण्याच्या नादात नियमाबाहेर गेलेली मूठ उपकरण तपासणीत अडकते.

एका वेळी एकच बदल. पेन्सिलनं खूण करा, तारीख घाला, निदान आठवडाभर त्यावर मारा, मग पुढचा. एका संध्याकाळी तीन ठिकाणी कानस फिरवणाऱ्याला नेमकं कशानं बरं झालं ते कधीच कळत नाही, आणि काढलेलं लाकूड परत चिकटत नाही.

ट्रिगर

वजन १००० ग्रॅमवर काटेकोर लावू नका, ३०-४० ग्रॅम वर ठेवा. पहिल्या टप्प्यात ७००-७५० ग्रॅम आणि उरलेलं दुसऱ्यात, ही वाटणी बहुतेकांना मानवते. ट्रिगरची पट्टी पुढेमागे सरकवा म्हणजे बोटाच्या पहिल्या पेराची गादी तिच्यावर सपाट बसेल.

काडतुसं

स्टँडर्ड वेगाचं, ४० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) शिशाच्या गोळीचं .२२ लाँग रायफल. "हाय व्हेलॉसिटी" लिहिलेला डबा कितीही स्वस्त असो, नको. टार्गेट पिस्तुलाचा बोल्ट त्या धक्क्यासाठी नसतो. एसके, एली, सीसीआय, जे नियमित मिळेल त्याचे दोन-तीन प्रकार पिस्तूल टेकवून मारून बघा आणि जे पिस्तूल न अडकता खातं ते ठेवा. स्पर्धेच्या काळात ब्रँड बदलू नका. ट्रिगर दाबूनही बार उडाला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. रिमफायरमध्ये असं होतंच.

घरी ड्राय फायर करायचं तर स्नॅप कॅप (खोटं काडतूस) घालूनच, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात.

पावसाळा

जून ते सप्टेंबर कोल्हापूरची हवा लोखंडाला खाते. पिस्तूल फोमच्या पेटीत महिनोन् महिने ठेवू नका, फोम ओल धरून बसतो. तेलाचा हलका हात, सिलिका जेल, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून पुसणं. नळी रोज घासायची गरज नाही, चेंबर आणि बोल्टचं तोंड मात्र दर सरावानंतर स्वच्छ करा, तिथेच मेण आणि शिसं साचतं. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते. तेव्हा ती घट्ट वाटली म्हणून तासू नका, ऑक्टोबरपर्यंत थांबा.

निवडणुका आणि नूतनीकरण

आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं जमा करायची नोटीस येते. स्पर्धेत उतरणाऱ्या नेमबाजांना साधारणपणे त्यातून सूट मिळते, पण ती आपोआप घरी चालत येत नाही. संघटनेचं सदस्यत्व, गेल्या स्पर्धांची प्रमाणपत्रं आणि पुढच्या स्पर्धेचं वेळापत्रक यांच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये तयार ठेवा आणि नोटीस येण्याआधीच अर्ज द्या. नूतनीकरणालाही तीच फाइल लागते, आणि मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधीच ती टेबलावर घ्या.